उसनी टोचणी

चौथ्या प्रकरणाच्या मध्यावर हेमांगीला जांभई आली. तिने ती ओठ मिटून दाबली आणि नाकावाटे हळूच सोडून दिली, पण कपाळाला बांधलेल्या पट्टीपुढे असली चलाखी चालत नाही. काचेपलीकडच्या पडद्यावर एक हिरवी रेघ सरळ धावत होती. ती किंचित खाली बसली आणि पुन्हा सरळ धावू लागली. घरी एकटीने पुस्तक वाचताना आलेली जांभई कुणाच्या खिजगणतीत नसते. ही मात्र नोंदली गेली, आणि काही दिवसांनी ती थेट तिच्या वडिलांच्या डोक्यात जाणार होती.

पुस्तक होतं देवभानकरांचं ‘वातचक्राचे प्रवासी’. जुन्या विज्ञानकथांवर बोलणारे लोक ज्या कादंबरीचं नाव घेताना आवाज खाली आणतात, ती. शुक्राच्या ढगांमध्ये फुग्यांच्या आधाराने तरंगणारं एक शहर, तिथला शास्त्रज्ञ डॉ. प्रताप, आणि साऱ्या ग्रहाभोवती घोंगावणाऱ्या वाऱ्याचं मूळ शोधायला त्याचं एकट्याने निघणं. १९६८ साली हे वाचून लोकांची झोप उडाली असेल, यात शंका नाही. पण आता २०४३ उजाडलं होतं. प्रतापच्या खिशातल्या ज्या ‘दूरदर्शक पाटी’चं वर्णन लेखकाने सव्वा पान केलं होतं, तसली पाटी मिरजेच्या मंडईत कोथिंबीर विकणाऱ्या बाईकडेही होती, आणि तिची काच तडकलेली होती. शुक्रावर तर मागच्याच वर्षी खराखुरा फुगा सोडला गेला होता. त्याने पाठवलेली चित्रं हेमांगीने चपाती-भाजी खाता खाता पाहिली होती.

राहता राहिली माणसं. प्रताप भाषणं करायचा. त्याला आणखी भाषण करता यावं म्हणून त्याचा मदतनीस प्रश्न विचारायचा. आणि प्रतापची बायको शालिनी चहा आणायची. पहिल्या प्रकरणात तिने चहा आणला, दुसऱ्यात आणला, आणि तिसऱ्यात शहराचे फुगे फुटून एक अख्खा मोहल्ला खाली कोसळला तेव्हाही ती दारात चहा घेऊनच उभी होती. त्या ओळीला तेवढी हिरवी रेघ टुणकन वर उडाली. ते कौतुक नव्हतं, हेमांगीची चिडचिड होती.

एरवी तिने हे पुस्तक केव्हाच मिटून टाकलं असतं. एखादं गाजलेलं पुस्तक आपल्याला रुचलं नाही तर त्यात गुन्हा काही नाही. पण दर पान उलटताना तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं, कारण या पुस्तकावर तिच्या वडिलांचं अख्खं आयुष्य उभं होतं.

श्रीपतराव तोडकरांनी ही कादंबरी एकोणिसाव्या वर्षी वाचली आणि ‘पोरगं कामातून गेलं’ असं त्यांची आई म्हणायची. पोरगं हवामान खात्यात गेलं. वारा मोजणं हे त्यांचं काम झालं आणि वेडही. दोनदा ते अंटार्क्टिकाला जाऊन पूर्ण हिवाळा राहून आले. त्या हिवाळ्यात तिकडे जहाज जात नाही की विमान उतरत नाही. गेलेला माणूस वर्षभर तिथलाच. दोन्ही वेळा त्यांच्या सामानात हे पुस्तक होतं. निवृत्तीनंतर मिरजेला परत येऊन त्यांनी आपल्यासारखेच पाच-सहा वेडे जमवले आणि ‘वातचक्र वाचक मंडळ’ काढलं. लोक पोथीचं पारायण करतात, हे लोक दर मे महिन्यात कादंबरीचं पारायण करत. त्यांचे नियमही पोथीसारखेच कडक होते. ओळ गाळायची नाही, मध्ये उठायचं नाही. शेवटच्या प्रकरणात प्रताप वाऱ्याच्या केंद्राशी पोचतो आणि वारा थांबतो. त्या ओळीला दिवाणखान्यातला पंखा बंद केला जाई. मग मिरजेच्या मे महिन्यात सहा म्हातारे घामाने निथळत, डोळे मिटून, शेवटचं पान संपेपर्यंत शुक्रावर बसून राहत. मध्येच कुणी पंख्याकडे नुसतं बघितलं, तरी त्याला पुढच्या वर्षी वाचायची पाळी मिळत नसे.

हेमांगी पुण्यात नोकरीला लागली तेव्हा श्रीपतरावांनी तिला एक प्रत दिली. तिचं काम पुलांवर बसवलेल्या संवेदकांची मापं तपासण्याचं होतं, तेव्हा हिला हे पुस्तक कळेल अशी त्यांची खात्री होती. सक्ती त्यांनी कधीच केली नाही. दर वाढदिवसाला फोन ठेवता ठेवता ते फक्त विचारायचे, “वाचलंस?” आणि ती म्हणायची, “या सुट्टीत नक्की, अण्णा.” अशा वीसेक सुट्ट्या आल्या आणि गेल्या.

गेल्या दिवाळीनंतर श्रीपतरावांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हातपाय वाचले, बोलणं परत आलं, स्मरणशक्ती तर शाबूत होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग हळूहळू लक्षात आलं की माणूस घरी आला आहे, पण माणसातलं काहीतरी परतलेलं नाही. नातीला हव्या त्या विषयाला प्रवेश मिळाला, तर म्हणाले, “बरं.” मंडळातले बापू चौगुले, रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांचे पन्नास वर्षांचे मित्र, समोर बसून ढसाढसा रडले. श्रीपतरावांनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, “बापू, नाक पुसा.” मार्चमध्ये हेमांगीचा वाढदिवस झाला. फोनवर ते बोलले, हवा कशी आहे ते सांगितलं आणि फोन ठेवला. “वाचलंस?” त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी हेमांगी ऑफिसच्या जिन्यात बसून रडली.

मिरजेच्या मेंदूच्या दवाखान्यातल्या डॉ. फरहीन मुजावर यांनी तिला समजावून सांगितलं होतं. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, आतल्या अंगाला, झाकलेली एक घडी असते. छाती धडधडली, पोटात खड्डा पडला, घसा दाटला, या सगळ्याची खबर तिथे पोचते आणि मग आपल्याला ‘वाटतं’. श्रीपतरावांची ती घडी धडधाकट होती. तिच्याकडे जाणारे रस्ते मात्र गुठळीने बंद पाडले होते. शब्द कळत होते, अर्थ कळत होता, पण अर्थाची वर्दी आत पोचत नव्हती.

“रस्ता वापरात आला तर तो पुन्हा उघडू शकतो,” डॉक्टर म्हणाल्या होत्या. “पण पहिली वर्दी बाहेरून द्यावी लागते. तुम्ही पट्टी बांधून एखादी गोष्ट वाचायची. ओळीओळीला तुमच्या आत काय होतंय ते आम्ही टिपतो. मग तीच गोष्ट त्यांच्यासमोर वाचली जाते, आणि त्या त्या ओळीला त्यांच्या मेंदूच्या त्याच जागी आम्ही ध्वनीचा अगदी हलका धक्का देतो. गरोदर बाईची सोनोग्राफी करतात ना, त्याच जातीचा ध्वनी. तुम्हाला जे वाटलं ते त्यांना वाटतं. दहा-बारा वेळा झालं की त्यांचा मेंदू आपलं आपण वाटून घ्यायला लागतो. निदान काहींचा लागतो.”

रक्ताचं नातं असलं की धक्के चांगले जुळतात. परक्या, सराईत वाचकांच्या नोंदी वापरून पाहिल्या होत्या, त्यांचा उपयोग झाला नव्हता. बापू चौगुले हट्टाने पुढे आले होते, पण त्यांच्या छातीत पेसमेकर होता. म्हणून हेमांगी. आणि गोष्ट कुठली, हे तर कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही. तिने कादंबरी अजून वाचलेली नाही हे कळल्यावर डॉक्टरांना उलट आनंद झाला, कारण पहिल्या वाचनाची नोंद सर्वात जोरकस येते.

दोन दिवस बसून हेमांगीने पुस्तक संपवलं. शेवटच्या प्रकरणावर तिची सगळी भिस्त होती. प्रताप केंद्राशी पोचला. वारा थांबला. पुढची तीन पानं प्रतापने त्या शांततेवर भाषण केलं, आणि पुस्तक संपलं. हेमांगीने पट्टी काढली. परीक्षेत कोरा पेपर देऊन बाहेर पडलेल्या मुलीची जी गत होते, ती तिची झाली होती.

डॉक्टरांनी रेघ पुढेमागे करून पाहिली. “हे एक छान आलंय,” फुगे फुटल्याच्या जागेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. “बाकी... जरा सपाट आहे. थकला होतात का?”

“काल पुण्याहून गाडीतून उतरले ती थेट इकडेच आले.”

“हेमांगीताई, एक स्पष्ट सांगते. यंत्र एकच आहे आणि रांग मोठी आहे. पहिल्या बैठकीत पेशंटकडून काहीच प्रतिसाद आला नाही तर मला पुढच्या पेशंटला जागा द्यावी लागते. पुन्हा नंबर लागायला वर्ष जाईल, आणि त्यांच्या वयाला तोवर रस्ते कायमचे बुजतात. शनिवारची पहिली बैठक आपण शेवटच्या प्रकरणावर घेतोय. तिथे ही रेघ पुरणार नाही.”

“शेवटच्या प्रकरणाला माझा फोन वाजत होता,” हेमांगी म्हणाली. फोन बाहेर कपाटात बंद होता. “लक्ष उडालं. तेवढं एक पुन्हा वाचू का?”

“दुसऱ्या वाचनाला जोर कमी येतो, पण बघा. फक्त वाचा. मनात दुसरं काही आणू नका. ही रेघ किती वर गेली एवढंच मला कळतं. ती का वर गेली, ते मला कळत नाही आणि यंत्रालाही नाही.”

हेमांगी पुन्हा काचेच्या खोलीत बसली. पहिलं पान तिने प्रामाणिकपणे वाचलं. रेघ मेल्यासारखी पडून होती. वडिलांनी जन्मभर जपलेली एकच गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचवायची होती, आणि तिला तेवढंही जमत नव्हतं. याच ओळींना ते अंटार्क्टिकाच्या काळोखात एकटे बसून रडले होते. वीस वर्षं ते वाट पाहत राहिले, पोरगी कधी एकदा वाचते आणि कधी एकदा आपण बोलतो. आणि आता बोलायला ते उरले नव्हते, तेव्हा ही बया वाचायला बसली होती, तीही जांभया देत. तिचे तळहात ओले झाले. काचेपलीकडे रेघ उठू लागलेली तिला डोळ्यांच्या कडेने दिसली, आणि मग तिने ठरवून स्वतःला मोकळं सोडलं. नजर ओळींवरून बिनचूक फिरवत ती एकेक गोष्ट आठवत गेली. न घेतलेले फोन. दिवाळीला येऊन दुसऱ्याच दिवशी परत निघणं. “वाचते, अण्णा.” वारा थांबला त्या ओळीला तिच्या पोटात असा पीळ पडला की पुस्तक हातातून सुटायचं राहिलं.

“बघा,” डॉक्टर खुशीत म्हणाल्या, “दुसऱ्या वाचनाला एवढा जोर मी पहिल्यांदा पाहतेय. पुस्तक खरंच ग्रेट असणार.”

हेमांगीने मान डोलावली. आपण काय केलं ते तिला पुरतं ठाऊक होतं. पण एकदा रस्ता उघडू दे, मग पुढचं पुढे, असं तिने स्वतःला बजावलं.

शनिवारी सकाळी अख्खं मंडळ इस्त्रीचे कपडे घालून दवाखान्यात हजर झालं. श्रीपतरावांना खुर्चीत बसवून डोक्यावर टोपीसारखं यंत्र चढवलं होतं. ते सगळ्यांकडे पाहत होते, ओळख होती, बाकी काही नव्हतं. वाचायचा मान बापूंचा. सुरुवातीलाच त्यांनी नर्सला एसी बंद करायला सांगितलं. एसी बंद केला तर यंत्र तापेल, असं ती म्हणाली. “मग वारा थांबायचा कसा?” बापूंनी विचारलं. शेवटी डॉक्टरांनी ‘त्या’ ओळीपासून पाच मिनिटांची परवानगी दिली, तेव्हा कुठे पारायण सुरू झालं.

बापू वाचत होते, म्हातारे डोळे मिटून ऐकत होते. हेमांगी वडिलांच्या चेहऱ्यावरून नजर काढत नव्हती. दुसऱ्या पानाला त्यांच्या भुवया जवळ आल्या. मग हात पोटाशी गेला. बापूंनी ‘आणि वारा थांबला’ म्हटलं, नर्सने एसी बंद केला, आणि श्रीपतरावांचा चेहरा पिळल्यासारखा झाला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. जवळजवळ वर्षभरात त्यांना कुणी असं पाहिलं नव्हतं.

“रडला,” बापू पुटपुटले. त्यांचं बोट ओळीवर तसंच राहिलं. “तोडकर रडला की रं.” मागे कुणीतरी नाक ओढलं. डॉक्टर पडद्याकडे बघून हसत होत्या.

“इंदू,” श्रीपतराव म्हणाले. “इंदूच्या ऑपरेशनला मी नव्हतो.”

इंदुमती म्हणजे हेमांगीची आई. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. बाकीच्यांना वाटलं, भरून आलं की माणसाला आपलं माणूस आठवणारच. हेमांगीला मात्र काय झालं ते कळलं. तिने वडिलांना अपराधी वाटणं पाठवलं होतं, पण कशाचं, हे पाठवायची सोय यंत्रात नव्हती. आत एवढी मोठी कळ उठल्यावर त्यांचं मन कारण शोधायला निघालं, आणि कारण त्याला फार लांब शोधावं लागलं नाही.

श्रीपतराव दुसऱ्यांदा अंटार्क्टिकाला गेले तेव्हा हेमांगी दहा वर्षांची होती. त्या हिवाळ्यात आईच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. तिकडून येणं कुणालाच शक्य नव्हतं, त्यामुळे वडिलांना त्याचा दोष कुणी दिला नाही, आईने तर नाहीच. पुढे घरात हा विषय कधी निघालाही नाही.

आता तो निघाला, आणि थांबेना. रविवारी सकाळी श्रीपतरावांनी विचारलं, “ऑपरेशनच्या दिवशी तुझ्याजवळ कोण होतं?”

“शेजारच्या पाटीलकाकू.”

“जेवलीस काय त्या दिवशी?”

“आठवत नाही अण्णा. फार वर्षं झाली.”

“इंदू घाबरली होती का?”

हेमांगीला आठवत होतं. आई स्ट्रेचरवरून जाताना दरवाज्याकडे बघत होती. ती म्हणाली, “नाही, फारशी नाही.” श्रीपतरावांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं आता पूर्वीसारखं कोरं नव्हतं. त्यांनी ताट बाजूला सारलं. संध्याकाळीही जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बापूंना बोलावून स्वतःजवळची जुनी प्रत त्यांच्या हातात दिली आणि मंडळ बंद करा म्हणून सांगितलं.

बापू स्वयंपाकघरात हेमांगीपाशी येऊन उभे राहिले. म्हाताऱ्याचा चेहरा एवढासा झाला होता. “पोरी, त्यानं पुस्तक परत दिलं गं. म्हनतोय, ह्या पुस्तकापायी मी बायकोला टाकून गेलो. असं कुटं असतंय का? आमी काय चुकलो का वाचताना?”

“तुमचं काही चुकलं नाही, बापूकाका.”

दवाखान्यातून निरोप आला. डॉक्टरांना पहिल्या बैठकीचा निकाल फारच आवडला होता. मंगळवारी दुसरी बैठक, त्याच नोंदीवर. म्हणजे तोच पीळ पुन्हा. आणि मग तिसऱ्यांदा. हेमांगीने खरं सांगितलं तर नोंद रद्द होणार होती, दुसरी चांगली नोंद तिच्याकडे नव्हती, आणि बैठका तिथेच संपणार होत्या. न सांगितलं तर वडील बरे होणार होते, बरे होऊन जन्मभर स्वतःला खात बसणार होते. आधी तिने त्यांना काहीच दिलं नव्हतं. आता दिलं तेही असलं. आणि ते देताना त्यांचं पुस्तक काढून घेतलं.

मंगळवारी सकाळी श्रीपतराव गॅलरीत खुर्चीवर बसले होते. दवाखान्याची गाडी यायला अवकाश होता. हेमांगी त्यांच्यासमोर स्टुलावर बसली.

“अण्णा, शनिवारी तुम्हाला जे वाटलं ना, ते पुस्तकाचं नव्हतं. आईचंही नव्हतं. ते माझं होतं.”

तिने सगळं सांगितलं. सपाट रेघ, फोनची थाप, दुसऱ्यांदा वाचताना मनात काय काय आणलं ते.

“म्हणजे पोटात जे कालवलं, ते तुझं,” श्रीपतराव म्हणाले.

“हो.”

“आणि मला वाटलं माझं.”

“यंत्राला कारण कळत नाही, अण्णा. तुमचा त्यात काही दोष नाही. मी डॉक्टरांना आज सांगते.”

“सांग की. खोटं कशाला ठेवायचं,” ते म्हणाले. “तुझं असेल. पण आल्या आल्या त्याला बसायला माझ्याकडे जागा तयार होती, हे ध्यानात घे. पहिल्यांदा मला खात्याने पाठवलं. दुसऱ्यांदा कोण जातो म्हणून विचारलं, तेव्हा मी हात वर केला. इंदूचं दुखणं तेव्हा सुरू झालेलं होतं. तिने जा म्हटलं, आणि मी लगेच ते खरं धरलं. मला ते सोयीचं होतं. चाळीस वर्षं त्या जागेवर मी हे पुस्तक मांडून ठेवलं होतं, खालचं दिसू नये म्हणून.”

हेमांगीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही आणि धरलाही नाही.

“पण तुला एवढी कसली टोचणी लागली होती?” त्यांनी विचारलं. “एवढ्याशा पोरीच्या मनात एवढं?” एवढीशी पोरगी पन्नास वर्षांची होती.

“मला पुस्तक आवडलं नाही, अण्णा.”

“आवडलं नाही म्हणजे?”

“कंटाळा आला.”

श्रीपतरावांनी मान वळवली. “कुठे?”

“चौथ्या प्रकरणापासून तर फारच.”

“चौथ्या?” त्यांनी खुर्चीचे हात धरले. “अगं, चौथ्या प्रकरणात वाऱ्याचे थर सांगितलेत. अडुसष्ट साली कुणाला माहीत होते ते थर? आम्ही फुगे सोडून सोडून जे मोजलं, ते त्या माणसाने घरात बसून लिहिलं.”

“थर बरोबर असतील, पण ते सांगायला प्रताप बावीस पानं घेतो. आणि तोवर बाकीचे सगळे उभे. कुणी मध्ये बोलत नाही, खोकत नाही.”

“शास्त्रज्ञ बोलत असताना खोकायचं कशाला?”

“आणि शालिनी? शहर खाली पडतंय आणि ती चहा आणते. तिला काही म्हणायचं नसतं का? अख्ख्या पुस्तकात तिला चार वाक्यं आहेत.”

“सहा आहेत.”

“सहाच्या सहा ‘अहो’पासून सुरू होतात.”

“तो काळ तसा होता.”

“काळ तसा होता, पण माणसं लाकडाची नव्हती, अण्णा. आणि शेवट. वारा थांबला म्हणून सांगायचं आणि मग तीन पानं बडबड करायची? शांतता म्हणजे काय ते त्या प्रतापला तरी कळलं का?”

श्रीपतरावांचे कान लाल झाले होते. कपाळावरची शीर उठली होती. ते तावातावाने सांगू लागले की ती बडबड नाही, माणूस पहिल्यांदा एकटा पडला की असाच स्वतःशी बोलतो, मी बोललो आहे, तुला काय ठाऊक. त्यांचा आवाज चढला, खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर मान करून पाहिलं. त्यांच्या डोक्यावर पट्टी नव्हती, टोपी नव्हती, आणि यंत्र तिकडे दवाखान्यात बंद होतं. हेमांगीच्या हे लक्षात आलं, आणि तिने लगेच भाषेचा मुद्दा काढला. भाषा तर फारच जड आहे, म्हणाली. त्यांना डिवचायचं म्हणून नव्हे, ती होतीच जड.

श्रीपतराव बोलता बोलता थांबले. धाप लागली होती. त्यांनी छातीवर तळहात ठेवला आणि आत काय चाललंय त्याकडे कान दिला.

“हे सगळं तू मला आधी का नाही सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“वाचलंच नाही ना. नाही आवडलं तर तुम्हाला काय सांगायचं, याची भीती वाटायची. म्हणून वाचलंच नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“वाटलं असतं. आत्ताही वाटतंय.” त्यांनी छातीवरचा हात काढला नाही. “पण वीस वर्षं भांडलो असतो की गं आपण.”